नऊचे साडेदहा करणारी रेघ

ये, अशी जवळ सरक बघू. तू तिकडं पुण्यात अन् मी इकडं लातुरात, म्हणून काय झालं? मी लिहून राहिले ते शेजारी बसल्यासारखं ऐक. काल तुझा मेसेज आला, "काकू, तो प्रिन्सेस कटचा चार्ट मला पण पाठवा ना." बास. कशा आहात नाही, खांदा कसा आहे नाही. माझ्या पुढच्या खोलीत बसून शिवण शिकलीस, मशीनचा दोरा तुटला की माझ्यावरच चिडायचीस, आणि आता आठवण आली ती चार्टची! वर ते हात जोडल्याचं पिवळं चित्र. त्या चित्राला मी काय चहा पाजू?

चार्ट मी पाठवणार नाही. राग आला तर येऊ दे. का पाठवणार नाही ते आधी ऐकून घे, मग भांड.

माझा उजवा खांदा आखडला हे तुला कुणाकडून तरी कळलंच असेल. हात वर जाईना, पुढं ताणला तर डोळ्यांत पाणी. कापडावर वाकून खडूनं मुंढ्याचा गोल काढायचा म्हणजे शिक्षाच. डॉक्टर म्हणाले, कैची बंद. बरं, कैची बंद केली. पण शिकवणं कसं बंद करू? जळकोटहून दोघी-तिघी बसनं येतात. त्यांना काय तोंडानं ब्लाऊज कापून दाखवू?

तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी त्यांच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर माझ्या घरी आणून ठेवला. त्यांचं इथल्या गोलाईच्या बाजारात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचं दुकान आहे. ज्यात ते पत्रिकेचे गणपती अन् वेलबुट्ट्या काढतात, तेच चित्रं काढायचं सॉफ्टवेअर त्यात होतं. म्हणाले, "वहिनी, ह्याच्यात रेघ एकदा काढली की झालं. खांद्याला काम न्हाई, नुसतं मनगट."

नुसतं मनगट म्हणे! पहिल्या दिवशी माझी रेघ पानाच्या बाहेर गेली ती सापडेचना.

"वहिनी, माऊस हाय तो. इस्त्री न्हाई. दाबून काय धरलाय?"

"भाऊजी, शिकवायला आलात का टोमणे मारायला?"

"दोन्हीला. पगार तर एकाचाबी न्हाई."

असं आमचं रोज चालायचं. ते दुपारी जेवायला घरी जाताना वाकडी वाट करून यायचे, तासभर मला छळायचे, ताक पिऊन जायचे. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. पण हळूहळू मला पाठ काढता आली, पुढचा भाग आला, बाहीसुद्धा आली. मुंढ्याचा गोल तर असा आला की खडूनं कधी आला नव्हता. खोटं कशाला बोलू.

खरी बेजारी त्याच्या पुढं होती. नुसते आकार काढून ब्लाऊज होत नाही. कुठली कड कुठं जोडायची ते दाखवायला लागतं, कुठल्या जागेला काय म्हणतात ते लिहायला लागतं, आणि किती इंच ते सांगायला लागतं. त्या सॉफ्टवेअरात ह्या तीन कामांना तीन वेगळ्या रेघा आहेत, आणि तिन्ही एकीपेक्षा एक आगाऊ.

पहिली जोडणारी, कनेक्टर. बाहीचा वरचा गोल मुंढ्याला लागतो हे दाखवायला मी बाहीपासून मुंढ्यापर्यंत एक रेघ जोडली. छान दिसली. मग बाही जरा उजवीकडं सरकवली, तर रेघ पण निघाली मागं मागं! आणि सरळ येईल तर शपथ. काटकोनात वळत वळत गळ्याच्या मधून आरपार गेली. ब्लाऊजला गळ्यातून दोरी ओवल्यासारखं दिसायला लागलं. भाऊजी म्हणाले, "ती चिकटलेली असती वहिनी. वस्तू हलली की ती हलती." मी म्हटलं, "हलू दे ना, पण वाट बघून तर हल!"

दुसरी नाव सांगणारी, कॉलआउट. टोक एका जागेवर, दुसऱ्या टोकाला आपण लिहायचं. टोक टक्सवर ठेवलं आणि लिहिलं "टक्स इथे". ओळखीचं एक अक्षर उमटेल तर शपथ. फाँट बदलला, तर वेलांटी एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं. "शिवण" असं लिहावं तर ती वेलांटी "व"च्या डोक्यावर जाऊन बसायची. एक एक शब्द पुसून पुन्हा. माझे डोळे, माझा वेळ, आणि भाऊजी बाजूला उभे राहून ताक पिऊन राहिलेत.

आणि तिसरी, मापाची. डायमेन्शन म्हणतात. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली की आपोआप दोन्हीकडं बाण येतात आणि मधे आकडा. आकडा तिचा तीच लिहिते. हीच ती सटवी. हिच्यासाठीच मी हे सगळं सांगून राहिले.

पहिल्यांदा पाठ मोजली तर म्हणाली जवळजवळ सत्तावन्न. सत्तावन्न! कुणाची पाठ आहे, म्हशीची? भाऊजी म्हणाले, ते मिलिमीटर आहेत, शिवाय चित्र कागदावर चौथाई काढलंय, म्हणून. त्यांनी इंच करून दिले, चौथाईचा हिशेब आत कुठं तरी भरून दिला. मग ती म्हणाली ८.९७. मी म्हटलं, "नऊ लिही ना बाई, मी नऊच काढलंय." तर म्हणे तीन सुतांनी, न्हाई, तीन केसांनी कमी आहे! शेवटी भाऊजींनी तिचे दशांश काढून टाकले, अर्ध्याच्या खाली मोजू नको असं तिला बजावलं, तेव्हा नऊ आले.

आता भाचीकडं ये. माझ्या धाकट्या बहिणीची पोर, तू तिला बघितलंयस, तुझ्या मागच्या मशीनवर बसायची ती. लग्न होऊन बिलोलीला गेली. गेल्या वर्षी तिनं तिथं घराच्या पुढच्या बाजूला शिवणाचं दुकान टाकलं. फॉल-पिको, परकर, शाळेचे ड्रेस, असलं येत होतं. नवरीचा ब्लाऊज कुणी देईना. नवरीचा ब्लाऊज म्हटलं की बायका नांदेडला जायच्या. आणि एक दिवस तिच्या समोरच्या घरातली मुलगी स्वतः होऊन आली. म्हणाली, ताई, तूच शिव. प्रिन्सेस कट, मागं बोटनेक, बाही कोपरापर्यंत आणि बाहीला शालूचाच काठ.

शालू नवरदेवाकडचा. आता तुला हे पुण्यात सांगायला पाहिजे का? शालू तिकडून येतो, त्याला लागून ब्लाऊजपीस येतो, तेवढाच. बिघडला तर दुसरा आणायचा कुठून? सासरच्यांना काय सांगायचं, तुमचा पीस आमच्या गल्लीत वाया गेला? त्या मुलीचं तोंड पहिल्याच दिवशी खाली, आणि माझ्या पोरीच्या दुकानाची पाटी त्याच दिवशी उतरली असती. हे ती मला फोनवर म्हणाली नाही, पण तिचा आवाजच तसा होता. "मावशी, प्रिन्सेस कट तू आमच्या वेळी शिकवला न्हाईस. मला चार्ट काढून दे. मी लई भिऊन राहिले."

मी म्हटलं, भिऊ नको. चार्ट देते.

दिला की. तीन दिवस बसले. आतली रेघ म्हणजे शिवणीची, ती काळी. तिच्या बाहेर दीड इंचावर कापायची रेघ. ते जास्तीचं कापड आपण माया म्हणून आत ठेवतो ना, पुढं अंग भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून, त्याची ती रेघ. भाऊजींनी ती एका झटक्यात काढायची युक्ती दाखवली होती. चौतीसची छाती, पाठीचा अर्धा भाग शिवणीवर नऊ इंच. मापाची रेघ पण म्हणाली नऊ. सगळं ठीक.

मग मला वाटलं बोटनेक जरा वर घ्यावा. आतली काळी रेघ पुसून पुन्हा काढली. ती पुसली तशी तिला चिकटलेली मापाची रेघ पण गेली. म्हणून मी माप पुन्हा ओढलं. दोन रेघा इतक्या जवळ, आणि तो बाण असा लोचट, की जिथं ठेवावा तिथं राहतच नाही, जवळची कड दिसली की झपकन जाऊन चिकटतो. तो चिकटला बाहेरच्या रेघेला. आणि मधे तिनं निमूटपणे लिहिलं साडेदहा.

आता तू म्हणशील, काकू, तुम्हाला दिसलं नाही? अगं, मी तेव्हा "शिवण"ची वेलांटी शोधत होते! सगळं लक्ष अक्षरांवर. आकडे तर तिचे तीच लिहिते, ते कशाला बघायचे? चार्ट मोबाइलवर पाठवला आणि अंगावर पांघरूण घेऊन पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"मावशी, बाह्या बसत न्हाईत."

"का बसत न्हाईत? पीस किती हाय?"

"पीस हाय तेवढा हाय. काठाकडून बाह्या आखल्या, पण वर बगलेकडं कापड संपून राहिलं. दीड-दीड इंच कमी पडतंय."

"पाठ किती घेतलीस?"

"साडेदहा लिहिलंस ना तू. त्याच्यावर माया सोडली दीड. बारा."

बारा! साडेदहात माया आधीच धरलेली, त्यावर पोरीनं पुन्हा माया सोडली. तिची काय चूक? मीच शिकवलंय तुम्हा सगळ्यांना, मी सांगते ते माप शिवणीचं, माया तुमची तुम्ही सोडायची.

"अगं, पण चौतीसच्या छातीला साडेदहा कसं येईल? तुला कळलं न्हाई?"

"कळलं की. म्हणलं नव्या फॅशनचं असंल. तू लिहिलंस म्हणल्यावर मी कशाला विचारू?"

"कापू नको. काही कापू नको, मी बघते."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"कापलीस का काय?"

"पाठ कापली मावशी. अस्तरासकट."

मी फोन ठेवला आणि त्या कॉम्प्युटरला जे काही बोलले ते शेजारच्या दोन घरांनी ऐकलं. तेवढ्यात भाऊजी ताकाला आले. त्यांनी चष्मा लावून चार्ट बघितला, मोठा करून बघितला, आणि म्हणाले, "बाण बाहेरच्या रेघेला लागलाय."

"त्यानंच लावला."

"त्यानं न्हाई लावला वहिनी. तुम्ही सोडला तिथं तो लागला."

"मी आतल्या रेघेवर सोडला!"

"तो म्हणतो बाहेरच्या."

"मग तुम्ही त्याचेच दीर व्हा!"

ताक न पिता गेले. जाऊ दे म्हटलं.

पुन्हा फोन लावला. पोर रडून राहिलेली, पण रडता रडता तिनं एक गोष्ट केली होती. कापलेली पाठ समोर ठेवून तिच्या दोन्ही कडांना नऊवर शिवण आणि त्याच्या बाहेर दीडची माया अशी खडूनं आखली होती. म्हणाली, "मावशी, दोन्हीकडं दीड-दीड इंचाची पट्टी फालतू निघते. बाही खाली काठाकडं बरोबर बसती, फक्त वर बगलेत कोपरा कमी पडतो. ती पट्टी तिथं लावली तर?"

जोड! नवरीच्या ब्लाऊजला बगलेत जोड! तुला आठवतंय ना, कुणी जोड दिला की मी कशी ओरडायची? कापायच्या आधी चारदा मांडून बघा, जोड द्यायची वेळच येऊ नये, हे माझं ठरलेलं. आणि इथं शालूला जोड.

"दुसरं काही होत न्हाई का?"

"तू सांग मग दुसरं."

मला सुचलं असतं तर सांगितलं नसतं का? मी म्हटलं, "थांब. मी येते. पट्टीला हात लावू नको."

उदगीर, देगलूर करत एसटीनं गेले. खांद्याचे हाल विचारू नको. खिडकीकडं बसले तर खांदा गजाला लागायचा, आत बसले तर शेजारच्या बाईची पिशवी. आणि डोक्यात सारखे तेच, नऊ, साडेदहा, बारा.

भाचीनं कापड पलंगावर पसरून ठेवलं होतं. लाल काठ, त्यात जरीचे बारीक मोर. मी बसले, ती उभी. मी सांगायचं, तिनं आखायचं. मी म्हणायची, "धागा बघ, पट्टीचा धागा आणि बाहीचा धागा एकाच अंगानं चालला पाहिजे." ती म्हणायची, "बघितला." मी म्हणायची, "शिवण उलट्या बाजूनं दुमडून दोनदा मार, तिथं ताण येतो." ती म्हणायची, "मारणारच होते." शेवटी म्हणाली, "मावशी, तू चहा पी ना जरा." म्हणजे गप्प बस. मी चहा प्यायले. पण कपावरून बघत होतेच.

नवरी घालून बघायला आली. आरशासमोर उभी राहिली, पाठमोरी झाली, खूश झाली. भाचीनं तिला जोडाचं सांगितलं, लपवलं नाही, हे मला आवडलं. मुलगी म्हणाली, "बगलेत कोण बघतंय ताई?"

कोण बघतंय! मी बघणार होते ना. लग्नाचं आमंत्रण मला पण होतं, आणि न जाता मला राहवलं नसतं.

अक्षता पडल्या, हार घालायची वेळ आली, आणि नवरदेवाच्या मित्रांनी त्याला कमरेत धरून उचललं. ही एक नवीनच टूम काढलीय मेल्यांनी. नवरीनं हार घेऊन हात वर केले, तर त्यांनी त्याला अजून वर उचललं. तिनं टाचा उचलल्या, दोन्ही हात डोक्याच्या वर ताणले. सगळा मांडव हसून राहिला, फोटोवाला पुढं घुसला. आणि मी काय बघून राहिले? नवरीचं तोंड नाही, नवरदेव नाही. बगल! उजवी बगल, मग डावी बगल. भाचीनं माझा दुखरा हातच गच्च धरलेला, मला ओरडायचंही सुचलं नाही.

तिसऱ्या उडीला हार गळ्यात पडला. शिवण हलली नाही. एक धागा नाही.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारी बसली होती. नवरदेवाची आजी, देगलूरकडची. ती माझ्याकडं वाकून हळूच म्हणाली, "बगलेत जोड हाय न्हवं?"

म्हटलं, संपलं. आता सगळ्या मांडवाला कळणार.

"तुम्हाला कसा दिसला हो?"

"दिसला न्हाई. अंदाज हाय माझा. शालू मीच निवडला ना. पीस बघितला तवाच म्हणलं, अय्यो, एवढ्याशा पिसात काठाची कोपरापर्यंत बाही कशी बसवणार? माझ्या लग्नात माझ्या मायनं बी जोडच दिला होता. कुणी शिवला?"

भाची खाली बघून राहिलेली. मी म्हटलं, "हिनं. हिचं दुकान हाय समोरच."

"पोरगी हुशार हाय," म्हातारी म्हणाली. "धाकट्या नातीचं बी जमायला आलंय. पत्ता सांगून ठेव गं."

म्हणजे बघ! पीसच तोकडा होता! परत लातूरला आल्यावर पिशवीसुद्धा खाली न ठेवता मी भाऊजींना फोन लावला. "ऐकलंत का? नऊ लिहिलं असतं तरी जोड लागलाच असता. त्यांची आजीच म्हणाली."

"बरं झालं," भाऊजी म्हणाले. "म्हंजी चूक पिसाची. मग त्या कॉम्प्युटरला खामखा शिव्या दिल्या की तुम्ही."

आता ह्या माणसाला काय म्हणायचं तू सांग. शिव्या मी परत घेतलेल्या नाहीत. त्या कनेक्टरसाठी तर त्या तशाच राहू देत.

पुढचं ऐक. चार्ट मी दुरुस्त केला. कापायची रेघ लाल केली, मापाचा बाण काळ्या रेघेला लावला आणि लावल्यावर चारदा मोठं करून बघितलं. भाची म्हणाली म्हणून बगलेपाशी एक कॉलआउट पण टाकला, "कापड कमी पडल्यास इथे जोड". मी जन्मभर ज्याच्यावर ओरडले ते माझ्याच चार्टवर, आणि त्यातली वेलांटी मात्र पहिल्या झटक्यात बरोबर बसली. भाऊजींनी तो मोठा छापून दिला, पुढच्या खोलीत लावलाय. जोडणारी रेघ अजून गळ्यातून जाते. तिचं मी काही करू शकले नाही.

पण मोबाइलवर तो आता कुणाला जाणार नाही. तिकडं तू काय वाचशील, कशावर माया सोडशील, मला इथं बसून काय कळणार? भाची दुसऱ्या दिवशी फोन करते तरी. तू तर कापून, शिवून, बिघडवून मग महिन्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवशील. शिवाय तुझं माझ्याकडचं माप तू कॉलेजात होतीस तेव्हाचं आहे, आणि फोटोत दिसतंय मला सगळं, उगीच नाही म्हणू नकोस.

तेव्हा तूच ये. कापड घेऊन ये, अजून धुतलेलं नसेल तर इथं भिजवू. माप मी टेपनं घेईन, तेवढा हात वर जातो आता. आखायचं तू, ओरडायचं मी. भाऊजी पुन्हा ताकाला यायला लागलेत, तेही दोन शब्द बोलतीलच. दिवाळी, मे महिना असं काही सांगू नको मला. ह्या नाही तर पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं उतर, आणि ये बाई लवकर.